वेब प्रोग्रॅमिंगचे पहिले पुस्तक: मधले प्रकरण उघडून पाहा

खानापूर तालुक्यातील एका तरुणाने विचारलेला प्रश्न असा आहे. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले, नंतर बेळगावात बी.कॉम. केले, आणि सध्या खडेबाजारातील एका कापड दुकानात ते हिशेबाचे काम पाहतात. वेब प्रोग्रॅमिंग शिकायचे आहे. हाताशी चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, रोज रात्रीचा दीड तास आणि पुस्तकासाठी हजार रुपये आहेत. अभियांत्रिकी शिकलेल्या आतेभावाने २००९ सालचे एक पुस्तक दिले आहे, दुकानात सर्व विषय एकत्र असलेला नऊशे पानांचा एक ग्रंथ पाहिला आहे, आणि एका मित्राने एकवीस दिवसांत शिकवण्याचे वचन देणारे पुस्तक सुचवले आहे. यांपैकी कोणते घ्यावे, मराठी पुस्तक शोधावे का, आणि पुस्तकाऐवजी सरळ क्लास लावावा का, असे तीन प्रश्न त्यांनी एकत्र विचारले आहेत.

मी गेली वीसेक वर्षे बेळगाव परिसरातील दुकाने, पतसंस्था आणि शाळांच्या वेबसाइट तयार करतो आणि संध्याकाळी थोड्या विद्यार्थ्यांना शिकवतो, त्यामुळे उत्तर अनुभवावरून देतो आहे. या तिन्हींपैकी एकही पुस्तक लगेच विकत घेऊ नका. तुमचे पहिले पुस्तक फक्त एचटीएमएल (पानातील मजकूर लिहिण्याची भाषा) आणि सीएसएस (पानाचे रूप ठरवण्याची भाषा) या दोन गोष्टी शिकवणारे असावे, पानाला स्वतः काम करायला लावणाऱ्या जावास्क्रिप्टचे पुस्तक त्यानंतर आणि सर्व्हरवरच्या, म्हणजे पान पुरवणाऱ्या दूरच्या संगणकावरच्या, भाषेचे त्याच्याही नंतर घ्यावे. आणि पुस्तक चांगले की वाईट हे त्याच्या पहिल्या प्रकरणावरून न ठरवता मधल्या प्रकरणावरून ठरवावे. हा दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यापासून सुरुवात करतो.

कोणत्याही प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकाचे पहिले प्रकरण वाचायला सोपे असते. इंटरनेट म्हणजे काय, टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना कशी मांडली, ब्राउझर पान कसे मागवतो, ही माहिती सर्वांनाच समजते आणि पुस्तक आपल्याला झेपेल असा विश्वास वाटू लागतो. अडचण चौथ्या-पाचव्या प्रकरणात येते. जुन्या पुस्तकांच्या दुकानात या विषयाची पुस्तके चाळताना मी एक गोष्ट नेहमी पाहतो: आधीच्या वाचकाने पेन्सिलने केलेल्या खुणा कुठपर्यंत आहेत. पहिली तीन प्रकरणे रेघांनी भरलेली असतात, चौथ्यात दोन-चार रेघा असतात आणि पुढची पाने कोरी असतात. त्या वाचकात बुद्धी कमी होती असे मला वाटत नाही. लेखकाने त्या जागी एखादी पायरी गाळलेली असते, आणि ती नेमकी कोणती हे नवशिक्याला सांगता येत नाही.

म्हणून पुस्तक हातात घेतल्यावर साधारण चाळीस टक्के पाने उलटून पुढे जा आणि एका पानाच्या आत मावेल असे एखादे उदाहरण शोधा. दुकानदाराची परवानगी असेल तर ते एक पान मोबाइलवर टिपून घ्या, नाहीतर वाचनालयात बसून वहीत उतरवून घ्या, आणि घरी लॅपटॉपवर एक-एक अक्षर स्वतः टाइप करा. छापले आहे तसेच लिहिल्यावर ते चालते का, ते पाहा. नंतर प्रत्येक ओळ काय करते हे पुस्तकाने शब्दांत सांगितले आहे का, की कोड देऊन लेखक पुढे निघून गेला आहे, ते पाहा. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: उदाहरणातील एखादी गोष्ट बदलून पाहण्यास पुस्तक तुम्हाला सांगते का, आणि ज्याचे उत्तर लगेच खालीच छापलेले नाही असे काही करायला देते का? या कामाला तास-पाऊण तास लागतो, आणि जे पुस्तक तुमच्यासोबत सहा महिने राहणार आहे त्याच्यासाठी एवढा वेळ देणे योग्यच आहे. मधल्या पानावर एखादा अनोळखी शब्द अडला तर शेवटच्या सूचीत तो शोधून आधीच्या पानावर जा. तिथे तो नीट समजावून दिलेला असेल तर लेखक वाचकाची काळजी घेणारा आहे. ज्या पुस्तकाला सूचीच नाही, ते पहिले पुस्तक म्हणून घेऊ नये.

ही परीक्षा अर्थपूर्ण व्हावी म्हणून मनात एक ठरावीक काम असले पाहिजे. माझ्या विद्यार्थ्यांना मी स्वतःच्या गावाच्या बसचे वेळापत्रक करायला सांगतो, आणि तुम्हालाही तेच सुचवतो, कारण तुम्ही रोज खानापूर ते बेळगाव ये-जा करता आणि त्यातली माहिती तुम्हाला कोणाला विचारावी लागणार नाही. सुरुवातीला ते एक साधे पान असेल: गावाचे नाव, एक छायाचित्र आणि वेळांचा तक्ता. मग ते मोबाइलच्या अरुंद पडद्यावर नीट दिसले पाहिजे, कारण थांब्यावर उभा असलेला माणूस मोबाइलच पाहणार. त्यानंतर आत्ताची वेळ पाहून पुढची बस कोणती हे पानाने स्वतः सांगितले पाहिजे, आणि तिथे जावास्क्रिप्टची गरज पडते. शेवटी बस रद्द झाल्याचे प्रवाशांना कळवता यावे यासाठी एक फॉर्म लागेल, आणि त्या फॉर्ममधील मजकूर साठवायला सर्व्हर आणि डेटाबेस लागेल. एकाच कामात तिन्ही टप्पे क्रमाने येतात. पुस्तक चाळताना या कामातील पुढची पायरी इथून मला करता येईल का, एवढे स्वतःला विचारले की निम्मी पुस्तके आपोआप बाजूला पडतात.

आता आतेभावाच्या पुस्तकाबद्दल. २००९ सालचे पुस्तक जुने आहे म्हणून टाकून द्यावे असे मी म्हणणार नाही, कारण टॅग (एचटीएमएलमधील खुणा), लिंक, तक्ता, फॉर्म या मूळ गोष्टी बदललेल्या नाहीत. परंतु त्यानंतरच्या वर्षांत या विषयात जे बदल झाले ते नवशिक्याला स्वतःहून ओळखता येत नाहीत, आणि जुने व नवे यांची सरमिसळ झाली की शिकणारा गोंधळतो. पुस्तकाचे वय कळण्याच्या काही खुणा सांगतो. पानाची मांडणी, म्हणजे डावीकडे मेनू आणि उजवीकडे मजकूर अशी रचना, तक्त्याचे चौकोन वापरून किंवा फ्रेम वापरून शिकवली असेल तर ते पुस्तक फार जुन्या पद्धतीचे आहे. तीच मांडणी फक्त फ्लोट, म्हणजे चौकोन डावी-उजवीकडे सरकवण्याची सीएसएसची जुनी युक्ती, वापरून शिकवली असेल तर पुस्तक बहुधा २०१७ पूर्वीचे आहे, कारण सीएसएस ग्रिड त्या वर्षाच्या मार्चमध्ये बहुतेक प्रमुख ब्राउझरांत आले आणि त्यानंतरची चांगली पुस्तके फ्लेक्सबॉक्स व ग्रिड या नव्या पद्धतींनीच मांडणी शिकवतात. जावास्क्रिप्टमध्ये माहितीला नाव देताना प्रत्येक ठिकाणी व्हार असेल आणि लेट व कॉन्स्ट हे शब्द कुठेच नसतील तर लेखकाने २०१५ साली आलेली भाषेची आवृत्ती विचारात घेतलेली नाही. चित्रांमध्ये इंटरनेट एक्सप्लोरर दिसत असेल तर तो ब्राउझर मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये निवृत्त केला, हे लक्षात ठेवा. व्ह्यूपोर्ट आणि मीडिया क्वेरी हे पडद्याच्या रुंदीनुसार पान बदलण्याशी संबंधित शब्द सूचीत नसतील तर त्या पुस्तकातून मोबाइलवर नीट दिसणारे पान तुम्हाला करता येणार नाही, आणि आपल्या भागात वेबसाइट पाहणारे बहुतेक लोक ती मोबाइलवरच पाहतात.

वेळापत्रकातील वेळा दाखवण्यासाठी तक्ता वापरणे मात्र पूर्णपणे योग्य आहे. तक्ता जुना झाला असे काही विद्यार्थी अर्धवट ऐकतात आणि खरोखरच रकाने-ओळी असलेली माहितीसुद्धा दुसऱ्या कशाने तरी मांडू लागतात. मांडणीसाठी तक्ता वापरू नये, माहितीसाठी जरूर वापरावा, हा फरक ज्या पुस्तकात स्पष्ट केलेला आहे ते पुस्तक विचारपूर्वक लिहिलेले आहे असे समजावे.

सर्व्हरवरच्या भाषेच्या बाबतीत जुने पुस्तक नुसते गैरसोयीचे नसते, धोक्याचे असते. पीएचपी या सर्व्हरवरच्या भाषेत मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलण्यासाठी पूर्वी जी फंक्शने (तयार आज्ञा) शिकवली जात, ती पीएचपी सातच्या आवृत्तीत, म्हणजे डिसेंबर २०१५ मध्ये, काढून टाकण्यात आली. त्यामुळे त्या पुस्तकातील कोड आज मुळीच चालत नाही. हे एका अर्थी बरेच झाले, कारण त्या पुस्तकांतील बरीच उदाहरणे फॉर्ममधून आलेला मजकूर सरळ क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेच्या, वाक्यात जोडून टाकत असत. मी स्वतः तसेच शिकलो होतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका पतसंस्थेसाठी सभासदांची नोंदणी करणारे पान मी तयार केले, आणि पहिल्याच आठवड्यात तेथून सांगण्यात आले की काही सभासदांची नोंद होतच नाही. आपल्याकडे बेळगाव-खानापूर भागात गोव्याशी नाते असलेली ख्रिस्ती कुटुंबे बरीच आहेत. डिसोझा हे आडनाव इंग्रजीत लिहिताना मध्ये अपॉस्ट्रॉफी येतो, आणि त्या एका चिन्हामुळे माझ्या क्वेरीतील अवतरणचिन्ह मध्येच बंद होऊन पुढचे सर्व वाक्य मोडत होते. मी त्या वेळी ते चिन्ह काढून टाकण्याची तात्पुरती व्यवस्था केली, म्हणजे सभासदांचे नाव चुकीचे साठवले. पुढे कळले की ज्या फटीतून ते चिन्ह आत येत होते त्याच फटीतून कोणीही हेतुपूर्वक स्वतःची क्वेरी आत घालून सर्व सभासदांची माहिती वाचू किंवा पुसू शकला असता. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात, आणि त्यावरचा उपाय म्हणजे प्रिपेअर्ड स्टेटमेंट, ज्यात क्वेरीचे वाक्य आणि त्यात भरायची माहिती डेटाबेसकडे वेगवेगळी पाठवली जाते. म्हणून पीएचपीचे पुस्तक घेताना डेटाबेसचे पहिले उदाहरण उघडा. तिथे पहिल्यापासूनच पीडीओ किंवा मायएसक्यूएलआय या पीएचपीतील डेटाबेसच्या साधनांच्या साहाय्याने प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरले असेल तर पुढे वाचा. सुरक्षिततेचे प्रकरण अगदी शेवटी असेल आणि तोपर्यंतची सर्व उदाहरणे असुरक्षित असतील, तर ते पुस्तक ठेवून द्या, कारण पहिली सवय मोडणे फार कठीण जाते.

यानंतरचा मुद्दा आपल्या सीमाभागासाठी विशेष आहे, आणि इंग्रजी पुस्तकांच्या परीक्षणांत तो तुम्हाला सापडणार नाही. इथे वेबसाइट तयार करणाऱ्याला मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांत मजकूर मांडावा लागतो. तुमच्या दुकानाच्या पानावरही शहापूरच्या साड्यांची माहिती तीन भाषांत द्यावी, असे मालक उद्या सांगू शकतील. पुस्तकातील सर्व उदाहरणे इंग्रजीत असली तरी चालते, पण अक्षरांच्या संकेतनाबद्दल, म्हणजे संगणक अक्षरे आकड्यांत कशी साठवतो याबद्दल, पुस्तकाने निदान दोन पाने दिलेली असावीत. पानाच्या सुरुवातीला यूटीएफ-८ हे संकेतन जाहीर करणे, फाइल त्याच संकेतनात साठवणे आणि डेटाबेसचा तक्ताही त्याच संकेतनात असणे, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच मराठी अक्षरे दिसतात. मायएसक्यूएलच्या ५.७ पर्यंतच्या आवृत्त्यांत काही न सांगितल्यास लॅटिन संकेतन धरले जाई, आणि त्या काळातील पुस्तकाप्रमाणे केलेल्या तक्त्यात मराठी नाव साठवले की त्या जागी नुसती प्रश्नचिन्हे येत. आठव्या आवृत्तीपासून यूटीएफ-८-एमबी-४ हे संकेतन आपोआप धरले जाते. पुस्तकातील डेटाबेसची चित्रे कोणत्या आवृत्तीची आहेत हे म्हणूनच पाहावे.

संकेतन समजले आहे का, हे तपासण्यासाठी मी विद्यार्थ्यांना एक छोटा प्रयोग देतो. 'बेळगाव' हा शब्द वाचताना आपण चार अक्षरे मोजतो. जावास्क्रिप्टला त्याची लांबी विचारली तर उत्तर सहा येते, कारण ब, त्याची मात्रा, ळ, ग, त्याचा काना आणि व हे युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांच्या सामाईक यादीत, सहा स्वतंत्र संकेत आहेत. पीएचपीमधील साध्या लांबीच्या फंक्शनला विचारले तर अठरा येतात, कारण ते बाइट (संगणकातील साठवणीचे लहान एकक) मोजते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइटांचा असतो. बातमीची पहिली शंभर 'अक्षरे' दाखवण्यासाठी हे न जाणता मजकूर कापला, तर शेवटचे अक्षर मध्येच तुटते आणि त्या जागी विचित्र चिन्ह दिसते. कन्नड लिपीलाही हे सर्व जसेच्या तसे लागू आहे. जे पुस्तक मजकुराची लांबी शिकवताना एवढे तरी सांगते की अक्षर आणि बाइट या निराळ्या गोष्टी आहेत, ते पुस्तक आपल्या कामाचे.

सीएसएसच्या बाबतीतही इंग्रजीसाठी लिहिलेले नियम डोळे झाकून घेऊ नयेत. लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधील अंतर, वाढवून मथळा देखणा करण्याची युक्ती पुस्तकांत हमखास असते. देवनागरीत तिने शिरोरेघ तुटते. ओळींमधील अंतर, म्हणजे लाइन-हाइट, इंग्रजीला पुरेल इतके ठेवले तर वरच्या ओळीतील उकार आणि खालच्या ओळीतील मात्रा एकमेकांना भिडतात, आणि कन्नडमध्ये जोडाक्षराचा भाग मूळ अक्षराच्या खाली येत असल्यामुळे तिथे आणखी जागा लागते. मी मराठी मजकुराला दीडपटीपेक्षा कमी अंतर ठेवत नाही. पानाची भाषा लँग या ॲट्रिब्यूटमध्ये मराठी अशी जाहीर केली तर काही फॉन्टांत ल आणि श यांची मराठी वळणे मिळतात, आणि दृष्टिहीन व्यक्तीसाठी पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला कोणता आवाज वापरायचा ते समजते. या गोष्टी पुस्तकात नसतील, पण ज्या पुस्तकाने लाइन-हाइट आणि लँग यांची कारणे समजावून दिली आहेत, त्याच्या आधारावर तुम्ही त्या स्वतः शोधू शकता. ज्याने नुसते आकडे दिले आहेत, त्याच्या आधारावर शोधू शकत नाही.

मराठी पुस्तकाबद्दल तुम्ही विचारले आहे. तुम्हाला चांगल्या मांडणीचे आणि वर सांगितलेल्या खुणांच्या कसोटीला उतरणारे मराठी पुस्तक मिळाले, तर पहिल्या महिन्यासाठी ते अवश्य घ्या. ब्राउझर, सर्व्हर आणि फाइल यांचे परस्परसंबंध मातृभाषेत समजून घेतल्याने डोक्यात चित्र पक्के बसते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. परंतु मराठी आहे एवढ्याच कारणासाठी जुने पुस्तक घेऊ नका, कारण टॅगची नावे, चूक दाखवणारे संदेश आणि पुढे लागणारी सर्व माहिती इंग्रजीतच आहे आणि तिची सवय कधीतरी करावीच लागते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी पुस्तकाची वाटते तेवढी भीती खरी नसते. तांत्रिक इंग्रजीची वाक्ये लहान असतात, शब्दसंग्रह मर्यादित असतो, आणि पहिल्या पन्नास पानांत आलेले शब्दच पुढे पुन्हापुन्हा येतात. तुम्ही हिशेबाचे काम करता, त्यामुळे वहीची सवय तुम्हाला आहेच; तशीच एक वही करून डाव्या पानावर इंग्रजी शब्द देवनागरीत लिहा आणि उजव्या पानावर त्याचा अर्थ शब्दकोशातील प्रतिशब्दाने न देता स्वतःच्या वाक्यात लिहा. ॲट्रिब्यूट म्हणजे गुणधर्म एवढे लिहून काही कळत नाही. टॅगला दिलेली जादा माहिती, जशी लिंकला दिलेला पत्ता, असे लिहिले की कळते. दोन महिन्यांत ही वही तुमचे सर्वांत उपयुक्त पुस्तक झालेली असेल.

नऊशे पानांच्या ग्रंथाबद्दल थोडक्यात सांगतो. त्यात एचटीएमएलपासून डेटाबेसपर्यंत सर्व असते, पण प्रत्येकाला दीडशे-दोनशे पानेच मिळत असल्याने सरावाची उदाहरणे सर्वांत आधी गाळली जातात, आणि खानापूरच्या बसमध्ये तो ग्रंथ मांडीवर घेऊन वाचताही येत नाही. एकवीस दिवसांचे पुस्तक तुमच्या दीड तासाच्या हिशेबात बसत नाही. दिवसाला एक धडा पुरा झाला नाही की आपण मागे पडलो असे वाटून माणूस सोडून देतो. बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय असल्यामुळे अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमाची पुस्तकेही इथे सहज मिळतात, परंतु ती परीक्षेत उत्तर लिहिण्यासाठी रचलेली असतात. व्याख्या पाठ करायची असेल तर ती चांगली आहेत.

नावे घेऊन सांगायचे तर मी तीन साधने सुचवेन. जॉन डकेट यांचे एचटीएमएल आणि सीएसएसवरील २०११ सालचे पुस्तक अजूनही नवशिक्यांना आवडते, आणि त्याचे कारण योग्य आहे: समोरासमोरच्या दोन पानांवर एकच विषय, कोड आणि तो कसा दिसतो याचे रंगीत चित्र, आणि मोजके इंग्रजी. मराठी माध्यमातून आलेल्या वाचकासाठी हे फार मोलाचे आहे. पण त्यातील मांडणीचे प्रकरण फ्लोटवर आधारलेले आहे, म्हणून तेवढे प्रकरण चाळून पुढे जा आणि मोझिलाच्या एमडीएन या मोफत संकेतस्थळावरील फ्लेक्सबॉक्स व ग्रिडचे धडे त्याच्या जागी करा. एमडीएनवरचा शिकण्याचा विभाग हेच माझे दुसरे साधन. तिथे प्रत्येक विषयानंतर स्वतः करण्याचे काम दिलेले असते आणि मजकूर अद्ययावत ठेवला जातो. तिसरे म्हणजे मारेन हावरबेके यांचे इलोक्वन्ट जावास्क्रिप्ट, ज्याची चौथी आवृत्ती २०२४ साली आली आणि जे लेखकाने वेबवर मोफत वाचायला ठेवले आहे. त्याचे स्वाध्याय उत्तम आहेत, पण प्रोग्रॅमिंगची अजिबात ओळख नसलेल्याला ते चौथ्या प्रकरणापासून जड जाते. वेळापत्रकातील पुढची बस शोधणारा कोड तुम्ही स्वतः लिहिल्यानंतरच ते हाती घ्या. अशा क्रमाने गेलात तर हजार रुपये एकाच छापील पुस्तकासाठी वापरता येतील. परदेशी तांत्रिक पुस्तकांच्या स्वस्त भारतीय आवृत्त्या निघतात, मात्र त्यांची छपाई पुष्कळदा रंगीत नसते. प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकाला त्याने काही बिघडत नाही. ज्या पुस्तकात रंगच शिकायचे आहेत त्याला बिघडते, म्हणून घेण्यापूर्वी आतले पान पाहा.

सर्व मोफत मिळत असताना छापील पुस्तक का घ्यावे, असेही वाटेल. खानापूरच्या पश्चिमेकडील गावांत पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही किती वेळ गायब असतात हे तुम्हाला सांगायला नको. शिवाय कागदावरचा कोड चिकटवता येत नाही, टाइपच करावा लागतो, आणि टाइप करताना होणाऱ्या चुका शोधूनच हा विषय येतो. चॅटबॉटकडून तयार कोड मिळतो हेही खरे; त्याचा उपयोग करा, पण सुरुवातीचे तीन महिने फक्त चूक दाखवणाऱ्या संदेशाचा अर्थ विचारण्यापुरता करा. तुमच्या चार जीबीच्या लॅपटॉपवर एक ब्राउझर आणि एक साधा एडिटर आरामात चालतो, आणि पहिल्या पुस्तकासाठी याहून काही लागत नाही.

रिॲक्टसारख्या फ्रेमवर्कचे, म्हणजे जावास्क्रिप्टवर उभारलेल्या तयार सांगाड्याचे, पुस्तक इतक्यात घेऊ नका. नोकरीच्या जाहिरातीत ते नाव दिसते म्हणून अनेक जण तेथूनच सुरुवात करतात. ज्या साधनाने रिॲक्टची असंख्य पुस्तके आपले पहिले प्रकरण सुरू करत होती, ते क्रिएट रिॲक्ट ॲप नव्या कामासाठी वापरू नये असे फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे जाहीर करण्यात आले. ज्याला मूळ जावास्क्रिप्ट येते तो दुसऱ्या साधनाकडे दोन दिवसांत वळतो. ज्याला येत नाही त्याचे पुस्तक पहिल्याच पानावर बंद पडते. सर्व्हरसाठी तुम्ही पीएचपी निवडावी असे माझे मत आहे, कारण इथल्या लहान ग्राहकांना परवडणाऱ्या होस्टिंगवर (वेबसाइट ठेवण्याच्या भाड्याच्या जागेवर) ती सर्वत्र चालते आणि वर्डप्रेस हे वेबसाइट तयार करण्याचे साधनही तिच्यातच लिहिलेले आहे. तिचे पुस्तक पीएचपी आठनंतरचे, म्हणजे २०२१ किंवा त्यापुढचे घ्या.

क्लासचा प्रश्न राहिला. आठवड्यातून दोनदा कोणीतरी चूक दाखवणारे असेल तर शिकणे लवकर होते, त्यामुळे क्लासला माझा विरोध नाही, पण तो निवडण्याची रीतही पुस्तकासारखीच ठेवा. पहिल्या दिवसाचे मोफत व्याख्यान ऐकून फी भरू नका; आधीपासून चालू असलेल्या तुकडीच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात एक तास मागे बसू देण्याची विनंती करा. त्या तासाला विद्यार्थी स्वतः टाइप करत असतील आणि शिक्षक एकेकाच्या पडद्यावरील चूक दाखवणारा संदेश त्यांच्याकडूनच वाचून घेत असतील तर तो क्लास घेण्यासारखा आहे. फळ्यावरचा कोड सर्व जण वहीत उतरवत असतील तर तुमच्या शब्दांच्या वहीने तेवढे काम आधीच केलेले असेल. जाताना वेळापत्रकाचे जेवढे पान तयार झाले आहे तेवढे लॅपटॉपवर सोबत न्या, तीन लिपींपैकी जिथे अडले असेल ती जागा त्या शिक्षकांना दाखवा, आणि ते तुमच्यासमोर ती कशी सोडवतात ते पाहून मग ठरवा.